लाल कडधान्याचे चॉकलेट : काही जपानी खाऊंचे परीक्षण

ज्या चॉकलेटच्या वेष्टनावर कडधान्याचे चित्र छापलेले असते त्याच्याकडे मराठी गिऱ्हाईक जरा संशयानेच पाहते, आणि तो संशय अगदीच निराधार असतो असे म्हणता येणार नाही. कडधान्याची उसळ होते, आमटी होते, फार तर त्याचे पीठ भाजून लाडू वळले जातात. पण त्याचे चॉकलेट करावे, ते समुद्रापलीकडून यावे आणि आपण त्याच्या एका पुड्यासाठी पाचशेच्या पुढे रक्कम मोजावी, हे गणित सहजासहजी पटणारे नाही. तरीही औंध, बाणेर आणि कोरेगाव पार्क या भागांतल्या आयात मालाच्या दुकानांत अझुकी या लाल जपानी कडधान्याच्या चवीचा चॉकलेटी खाऊ मांडलेला दिसतो आणि तो खपतोही. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जपानी कंपन्यांचे कारखाने असल्यामुळे जपानी कुटुंबे हे या दुकानांचे बांधलेले गिऱ्हाईक आहे. पण माझ्या पाहण्यात त्या कप्प्यासमोर त्यांच्याइतकेच जपानी भाषा शिकणारे पुणेकर विद्यार्थी उभे असतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून जपानीचा वर्ग आटोपून निघालेल्या मुलांना वेष्टनावरची अक्षरे लावता येतात, हाच त्यांचा अर्धा आनंद असतो. माझी मुलगी त्यांच्यातलीच एक असल्यामुळे हा खाऊ आमच्या घरात येत राहिला, आणि शेवटी सगळे प्रकार शेजारी शेजारी मांडून नीट चाखावेत असे ठरले.

माझे मत आधीच सांगून टाकते. अझुकी आणि चॉकलेट यांची जोडी जमते, उत्तम जमते, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक खाऊत ती जमवण्याचे कष्ट घेतलेले नसतात. अझुकीचा वास मुळात मंद असतो आणि तिची खरी ओळख जिभेला लागणाऱ्या तिच्या पोतात असते. त्यामुळे ज्या खाऊत अझुकी केवळ चवीपुरती, भुकटीच्या रूपाने उतरवलेली असते, तो खाऊ बरा लागला तरी अझुकीचा लागत नाही. का, ते समजून घेण्यासाठी थोडे स्वयंपाकघरात जावे लागेल.

अझुकी हे मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांच्याच वंशातले कडधान्य आहे. दाणा लालभडक, चवळीपेक्षा लहान आणि थोडा फुगीर, एका कडेला पांढरी बारीक रेघ. वेष्टनावरचे चित्र पाहून आपल्याकडे त्याला सर्रास राजमा म्हटले जाते, पण राजमा निराळ्या वंशातला, मूळचा अमेरिका खंडातला, आणि अझुकीशी त्याचे नाते केवळ रंगापुरते आहे. जपानात पिकणाऱ्या अझुकीपैकी नऊ दशांशाहून अधिक पीक उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर येते आणि तिथला तोकाची हा भाग त्यासाठी विशेष नावाजलेला आहे. हा दाणा उकडून, पहिल्या उकळीचे तुरट पाणी फेकून देऊन, पुन्हा मऊ शिजवून त्यात जवळजवळ वजनाच्या बरोबरीने साखर आटवली की जे तयार होते त्याला अंको म्हणतात. दाणे अर्धवट अखंड ठेवले तर तो त्सुबुआन, आणि चाळणीतून घासून सालपट वेगळे काढले तर तो कोशिआन.

पुण्यातल्या कोणत्याही घरात हे वर्णन वाचताच पुरणयंत्र डोळ्यांपुढे येईल, आणि हे साम्य वरवरचे नाही. कडधान्य शिजते तेव्हा त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण फुटत नाहीत. प्रत्येक पेशीतले पिष्ट आतल्या आत फुलते आणि भोवतीचे प्रथिन आवळून बसल्यामुळे ते बाहेर सांडत नाही. म्हणून नीट शिजलेले पुरण खळीसारखे चिकट होत नाही, ते जिभेवर मऊ आणि तरीही अगदी बारीक रवाळ लागते. अंकोचेही नेमके हेच आहे. हरभऱ्याच्या डाळीऐवजी अझुकी, गुळाऐवजी साखर, वेलदोडा-जायफळ नाही, आणि साखरेवर चढून न बसणारा एक मातकट, किंचित चेस्टनटच्या अंगाने जाणारा गोडवा. ज्याने वर्षानुवर्षे होळीला पुरण चाखून "अजून एक वाफ हवी होती" असा निकाल दिलेला आहे, त्याला अंकोची पारख करण्यासाठी वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही.

अडचण चॉकलेटच्या बाजूने सुरू होते. चॉकलेटला पाणी चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी त्यातले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता सगळ्याचा घट्ट, खरखरीत गोळा होतो. घरी केकसाठी चॉकलेट वितळवताना ज्यांच्या पातेल्यात वाफेचे पाणी गेले आहे त्यांना हे सांगायला नको. अंकोत तर पाण्याचा अंश भरपूर, आणि त्या पाण्यावरच त्याचा मऊपणा उभा. म्हणजे अंको जसाच्या तसा चॉकलेटमध्ये कालवता येत नाही. कारखानदारापुढे त्यामुळे मोजके मार्ग उरतात. अझुकी वाळवून तिची भुकटी करायची आणि ती स्निग्ध क्रीममध्ये मिसळायची, हा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग. साखर आणि ग्लुकोजचा पाक वाढवून अंकोतले पाणी बांधून टाकायचे आणि मग तो चॉकलेटच्या कवचात भरायचा, हा दुसरा, खर्चिक मार्ग. आणि अझुकी चॉकलेटमध्ये घालण्याऐवजी चॉकलेटच अझुकीत घालायचे, हा तिसरा, ज्याचा विचार मला स्वतःला सुचला नसता. आमच्या ताटलीत या तिन्ही मार्गांचे नमुने होते.

सुरुवात सर्वांत परिचित नावापासून करते. जपानात किटकॅट १९७३ साली आले, आणि गेल्या काही दशकांत तिथे त्याच्या ३०० हून अधिक चवी निघाल्या आहेत. त्यांतल्या अनेक चवी विशिष्ट प्रांतांची आठवण म्हणून, प्रवाशांनी घरी न्यायची भेट म्हणून विकल्या जातात. तोकाई आणि होकुरिकु या भागांसाठी काढलेली अझुकी सँडविचची चव ही त्यांतलीच, आणि तिच्यामागे नागोयाच्या कॉफीच्या दुकानांत सकाळी मिळणारा एक पदार्थ आहे : पावाचा जाड काप भाजून त्यावर लोणी आणि त्यावर अंकोचा सढळ थर. पावावर कडधान्याचे गोड सारण ही कल्पना विचित्र वाटत असेल तर एवढेच लक्षात घ्यावे की जपानात ती फार जुनी आहे. पाश्चात्त्य पाव जपानी माणसाच्या घशाखाली उतरेना, तेव्हा तोक्योच्या किमुराया या बेकरीने १८७४ साली पावाच्या पोटात अंको भरून तो विकायला काढला, आणि पुढच्याच वर्षी तो पाव मेइजी सम्राटापुढे ठेवला गेला. त्या पावाच्या मधोमध मिठात मुरवलेले चेरीचे फूल बसवलेले होते. या मिठाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

तर हे अझुकीचे किटकॅट. पुड्यात छोटे छोटे, वेगवेगळे गुंडाळलेले तुकडे असतात, आणि वेष्टन सोडताच पहिला वास येतो तो भाजलेल्या वेफरचा. बाहेरचे आवरण पांढऱ्या चॉकलेटचे, थोडे चहाच्या सायीच्या रंगाकडे झुकलेले. पांढरे चॉकलेट निवडण्यामागचे कारण उघड आहे : त्यात कोकोचा लोण्यासारखा स्निग्धांश असतो, पण कोकोचा कडू, काळा भाग नसतो, आणि त्या कडव्या भागापुढे अझुकीसारख्या मवाळ चवीचा आवाज मुळीच निघाला नसता. तुकडा मोडला की वेफरच्या थरांमध्ये क्रीम दिसते, तिच्यातच अझुकीची भुकटी. पहिल्या चाव्याला दूध आणि साखर, मग वेफरचा खमंगपणा, आणि गिळून झाल्यावर घशाच्या वरच्या बाजूला एक शेंगदाण्याच्या सालाइतका हलका, कोरडा, कडधान्याचा ठसा. तो ठसा खरा आहे. डोळे मिटून खाल्ले तरी ओळखू येतो. गोडी मात्र आपल्याला जास्त वाटावी इतकी आहे, आणि एका वेळी एकच तुकडा खावा अशी ही वस्तू आहे. वेफरने इथे मोठे काम केले आहे. भाजलेल्या पावाची जागा त्याने घेतली आहे आणि भुकटीत हरवलेल्या पोताची थोडी भरपाई त्याच्या कुरकुरीतपणाने होते. ज्याने अझुकी कधी चाखलेली नाही त्याच्या हातावर पहिल्यांदा ठेवायला मी हाच तुकडा निवडीन.

माझ्या सासूबाईंनी तो खाऊन थोडा वेळ विचार केला आणि "चांगलं आहे ग, पण ह्यात ती डाळ कुठाय?" असे विचारले. पुढच्या सगळ्या चाखण्याला तोच प्रश्न कसोटी म्हणून पुरला.

त्या कसोटीवर सर्वांत वाईट रीतीने नापास झाल्या त्या मक्याच्या फुगवलेल्या काड्या. वर अझुकीच्या चवीचे चॉकलेट लावलेले, रंग गुलाबी, वेष्टनावर चिनी मातीच्या वाडग्यात दाटसर अंकोचे सुरेख चित्र. आतली काडी हवेने भरलेली, दाताखाली येताच विरघळणारी, आणि वरच्या थरात साखरेखेरीज काही ओळखू येईल तर शपथ. वास होता, पण तो बेकरीच्या मागच्या दाराशी येतो तसा नुसता गोड वास. घटकांची यादी पाहिल्यावर उलगडा झाला. जपानी वेष्टनांवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि अझुकी या यादीत इतकी मागे होती की तिच्या आधी मक्याचे पीठ, दोन प्रकारच्या साखरा, वनस्पती तेल आणि दुधाची भुकटी अशी सगळी वरात निघून गेली होती. या काड्या लहान मुले आनंदाने खातील, आणि त्याला माझी हरकत नाही. पण मुलांना हाच आनंद देणारा खाऊ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दहा रुपयांत मिळतो.

ही यादी वाचण्याची युक्ती जपानी न येणाऱ्यांनीही शिकून घ्यावी अशी आहे. अझुकीसाठी दोन चिन्हे शेजारी शेजारी येतात, आणि त्यांतले पहिले ओळखायला अगदी सोपे असते : मध्ये एक उभी रेघ, तिला खाली हुकासारखा छोटा वाक, आणि दोन बाजूंना एकेक तिरपा फटकारा. ती जोडी यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी दिसली तर पुडा उचलावा. शेवटच्या ओळीत दिसली तर चित्रावर भुलू नये.

अझुकीचा नसलेला एक खाऊ मी मुद्दाम या ताटलीत ठेवला होता, कारण पोताचा प्रश्न त्याने फार हुशारीने सोडवला आहे. तिरोल ही जपानातली छोट्या चौकोनी चॉकलेटची जुनी मालिका, १९६२ साली १० येनला निघालेली. तिच्यातली किनाको मोची ही चव २००३ साली आली. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचे पीठ, आणि मोची म्हणजे चिकट तांदळाचा लवचिक गोळा. नखाएवढ्या त्या चौकोनात भाजक्या पिठाच्या चवीचे चॉकलेट आहे आणि मधोमध मोचीची आठवण करून देणारा एक चिवट, ओढला तर ताणला जाणारा गाभा. दात आधी चॉकलेटमधून सहज उतरतात, मग त्या गाभ्यापाशी अडतात, आणि तो चघळत असताना चॉकलेट वितळून भाजक्या पिठाची चव उरते. इथेही मूळ पदार्थ पाण्याचा आणि मऊ आहे, इथेही तो चॉकलेटमध्ये जसाच्या तसा घालता येत नाही. पण निर्मात्याने केवळ वास उचलण्यावर न भागवता पोताची स्वतंत्र सोय केली. अझुकीच्या खाऊत बहुतेकांनी हे केलेले नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. शाकाहारी वाचकांनी मात्र अशा चिवट गाभ्याच्या कोणत्याही जपानी खाऊची घटकयादी फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून पाहावी, कारण त्यात जिलेटीन असू शकते, आणि जपानी वेष्टनावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. तो ठिपका आयातदाराच्या स्टिकरवर शोधावा लागतो.

आणि त्या स्टिकरविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. आयात केलेल्या खाद्यपदार्थावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि घटक असलेले स्टिकर लागते, ते योग्यच आहे. पण ते चिकटवणारा माणूस कोणत्या शाळेत शिकतो कोण जाणे, कारण ते नेमके उत्पादनाच्या नावावर किंवा मुदतीच्या तारखेवर बसलेले असते. तारीख दिसत असेल तर तिचाही क्रम लक्षात ठेवावा : जपानात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. आपल्या सवयीने उलट वाचले तर मुदत संपलेला पुडा ताजा वाटतो आणि ताजा पुडा शिळा. माझ्याच ओळखीच्या एका बाईंनी चांगला पुडा मुदत संपली म्हणून परत केला होता, आणि दुकानदारानेही तो मुकाट्याने घेतला होता.

स्टिकरखाली नाव गेलेला असाच एक काळा डबा या सगळ्या ताटलीचा राजा ठरला. त्यामुळे त्याचे नाव मी इथे देऊ शकत नाही. दुकानात "काळा डबा, लाल दोरी" असे सांगितले की काउंटरवरचा मुलगा तो काढून देतो. आत कागदी खणांत एकेक बसवलेली काळ्या चॉकलेटची चौकोनी कवचे, वर काहीही नक्षी नाही. मी त्यातले एक धारदार सुरीने मधोमध कापले. कवच जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीचे, कापताना टक् असा स्वच्छ आवाज करणारे. त्याच्या आतून पांढुरक्या स्निग्ध पदार्थाचा एक केसासारखा पातळ थर, जो बहुधा आतला ओलावा चॉकलेटपर्यंत पोचू नये म्हणून दिलेला असावा. आणि मध्ये कोशिआन : जांभळट तपकिरी, घट्ट, सुरीला न चिकटणारा, कापलेल्या बाजूवर बारीक रवा स्पष्ट दिसणारा. त्यात मोजून दोन-तीन ठिकाणी सालीचे गडद, चमकदार तुकडे होते. ते चुकून राहिलेले नसावेत असे मला वाटते, कारण जिभेवर रवाळ मऊपणा पसरत असताना मध्येच ती साल दाताखाली येते आणि तेवढ्यापुरता तुरटपणा देऊन जाते.

इथे काळे चॉकलेट निवडले आहे, म्हणजे वर किटकॅटच्या बाबतीत जे तर्कशास्त्र मांडले त्याच्या अगदी उलट. पण ते उलटे असूनही बरोबर आहे, कारण अझुकी इथे भुकटी म्हणून आलेली नाही, ती सारण म्हणून भरलेली आहे आणि तिचे वजन चॉकलेटच्या वजनापेक्षा जास्त आहे. कोको कडू, सारण गोड. दोन्ही एकत्र वितळत नाहीत, चॉकलेट आधी जाते आणि अंको मागे राहतो. शेवटी जो उरतो तो मीठ. अगदी चिमटीभर, पण त्यानेच अझुकीची चव उभी राहते. किमुरायाच्या पावात मिठातले फूल का होते ते इथे कळते. इमुराया या कंपनीचा १९७३ पासून चालत आलेला अझुकीचा आइसक्रीम बार, जो दात मोडेल इतका कडक म्हणून जपानात प्रसिद्ध आहे, त्याच्या पाच घटकांत एक मीठ आहे. पुरणात चिमूटभर मीठ घालणारी आणि न घालणारी अशी दोन घराणी पुण्यात आहेत. मी पहिल्या घराण्यातली असल्यामुळे हा डबा मला अधिक आवडला असेल, हे मान्य करते.

सासूबाईंनी अर्धा तुकडा तोंडात घातला, आणि या वेळी डाळ कुठे आहे असे विचारले नाही. "शिजलंय बरोब्बर," एवढेच म्हणाल्या आणि उरलेला अर्धा उचलला.

डब्याचा दोष एकच : किंमत. एकेका तुकड्याचा हिशेब केला तर चांगल्या दुकानातल्या पुरणपोळीपेक्षा तो महाग पडतो, आणि पोळीने निदान पोट भरते. शिवाय ओलसर सारणामुळे त्याची मुदत वेफरपेक्षा बरीच कमी असते; तेव्हा सवलतीत दिसला म्हणून दोन डबे घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

राहिला तिसरा मार्ग, चॉकलेटच अझुकीत घालण्याचा, आणि त्याचा नमुना म्हणजे चॉकलेटचे योकान. योकान ही अंको, साखर आणि चायना ग्रास आटवून केलेली वडी. समुद्री शेवाळापासून मिळणारा चायना ग्रास जपानी मिठाईत फार पूर्वीपासून वापरला जातो. या प्रकारात अंकोबरोबर कोको आणि थोडे चॉकलेट शिजवलेले असते. पन्नीत बंद केलेली बोटभर लांबीची वडी, एका टोकाला दाबले की दुसऱ्या टोकाने बाहेर येणारी. रंग काळसर, कापाची बाजू काचेसारखी गुळगुळीत. दात लागताच ती आधी किंचित विरोध करते आणि मग स्वच्छ तुटते. तिला चॉकलेटसारखे वितळणे माहीत नाही. चवीत कोको आधी येतो हे खरे, पण तो पाण्यात शिजलेला कोको आहे, त्यामुळे लोण्याचा जाडसर लेप जिभेवर बसत नाही आणि मागून अंकोचा रवाळपणा मोकळेपणाने जाणवतो. ज्यांना चॉकलेट म्हणजे तोंडात विरघळणारी वस्तू एवढेच हवे आहे त्यांना ही वडी कोरडी वाटेल. माझ्या मुलीला ती वाटली. मला ती काळ्या डब्याच्या खालोखाल आवडली, आणि किमतीचा विचार केला तर त्याच्या वर.

पुण्याच्या दृष्टीने योकानचा आणखी एक गुण आहे, आणि तो लहान नाही. कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ३८-४० वर जातो. म्हणजे उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेले कोणतेही चॉकलेट घरी येईपर्यंत एकदा वितळून पुन्हा गोठलेले असते. असे झाले की त्यावर राखाडी-पांढरी पूड धरल्यासारखी दिसते. ती बुरशी नसते, स्निग्धांश वर येऊन पुन्हा गोठलेला असतो. खाल्ले तर अपाय नाही, पण तुकड्याचा आवाज गेलेला असतो आणि वेफर मऊ पडलेले असते. एका दुकानाने मे महिन्यात पाठवलेला माझा पुडा नेमका असाच आला, आणि तक्रार केली तेव्हा "मॅडम, बर्फ टाकला होता" असे उत्तर मिळाले. चायना ग्रासची वडी मात्र एकदा घट्ट झाली की जवळजवळ ८५ अंशांपर्यंत हलत नाही. ती भर उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून कर्वे रस्त्यावरून आणली तरी तिच्या आकारात फरक पडत नाही. प्रयोग करून पाहिलेला आहे. बहुतेक योकान दुधाशिवाय असतात, जिलेटीनचा प्रश्न नसतो, आणि पन्नी न उघडता ठेवली तर महिनोन्महिने टिकतात. चॉकलेटच्या प्रकारात दूध असण्याची शक्यता असते, तेवढे तपासावे. अझुकी हे कडधान्य असल्यामुळे उपवासाला चालणार नाही, हेही सांगून ठेवते, कारण दिसायला ती वडी उपवासाच्या बर्फीशेजारी सहज खपून जाईल अशी आहे.

कशाबरोबर खावे हा प्रश्न मी हलका समजत होते, पण त्याने निकालात फरक पडला. आपल्या साखर-दुधाच्या चहाबरोबर यांतला एकही खाऊ धड लागला नाही. चहातल्या गोडीने खाऊची गोडी बेचव होते आणि आल्याचा ठसका अझुकीला मागे ढकलतो. बिनसाखरेच्या कोऱ्या चहाबरोबर किटकॅटची जास्तीची गोडी सोसवते, आणि योकानला जपानी हिरव्या चहाची जोड तर ठरलेलीच आहे. काळ्या डब्याबरोबर आम्ही चिकोरी न घातलेली कडक काळी कॉफी घेतली, आणि ती दोन्हीकडून पावली.

खरेदी करायची असेल तर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात चांगला; माल थंडीत आलेला असतो आणि दुकानाच्या काचेवर दुपारचे ऊन पडत असले तरी फार बिघडत नाही. भेट म्हणून न्यायचे तर किटकॅट सर्वांत सोयीचे, कारण वेगवेगळे गुंडाळलेले तुकडे कचेरीत वाटता येतात आणि कोणालाही समजावून सांगत बसावे लागत नाही. पुरणाचा चोखंदळ खाणारा घरात असेल त्याच्यासाठी योकान, आणि महिन्याचा हिशेब बघणारे घरात कोणी नसेल तर काळा डबा. मक्याच्या काड्यांचा आमच्याकडे उरलेला अर्धा पुडा मुलीने चुरून व्हॅनिला आइसक्रीमवर घातला, आणि तिथे तो बरा लागला.